लहू कसबेचं पान

"सर, आज माझं पान का नाही वाचू दिलंत?"

काझी सरांनी मान वर केली नाही. ते सदऱ्याच्या टोकानं चष्म्याची काच पुसत होते.

"वेळ संपली."

"वेळ होती, सर."

"होती," सर म्हणाले.

शर्वरी घोणसीकर दारातच उभी राहिली. हातातल्या कागदाची कड तिच्या बोटांत चुरगळली होती.

डॉ. मुनीर काझी हे मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिनचे प्रोफेसर होते. त्यांच्या वॉर्डात शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला दर शनिवारी एक पान लिहून आणावं लागे. एका पेशंटबद्दल, आणि त्याच्याजवळ बसताना आपल्याला काय वाटलं त्याबद्दल. असं काहीतरी लिहायला अभ्यासक्रमातच सांगितलेलं होतं. बाकीच्या विभागांत मुलं ते एकमेकांचं बघून इंग्रजीत उतरवत. काझी सर मराठीत मागत.

"पेशंट ज्या भाषेत कण्हतो त्या भाषेत लिहा," एवढंच ते पहिल्या दिवशी म्हणाले होते.

शर्वरी शेवटच्या वर्षाला होती. तिची पानं गाजत. एक पान ऐकताना वर्गातल्या दोन मुली रडल्या होत्या. एक कॉलेजच्या वार्षिक अंकात छापून आलं होतं, आणि स्नेहसंमेलनात डीननी त्यातल्या ओळी माइकवरून वाचून दाखवल्या होत्या.

आज मात्र सगळ्यांची पानं वाचून झाली, तिचं राहिलं.

"माझं वाईट असतं का, सर?"

"चांगलं असतं."

"मग?"

"बाकीच्यांना वाटतं, असंच लिहायचं असतं."

शर्वरीला कळेना, ही स्तुती होती की...

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. समोरच्या खुर्चीकडे बोट केलं.

"आता वाच. मी एकटाच आहे."

ती बसली. कागद गुडघ्यावर ठेवून सपाट केला. घसा साफ केला.

"'लहू कसबे लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो. गेल्या उन्हाळ्यात वरात अर्ध्या वाटेवर असतानाच त्याचा दम संपू लागला. नवरदेव घोड्यावर, पोरं नाचतायत, आणि लहू एका दुकानाच्या पायरीवर बसून हवा शोधतोय...'"

सर ऐकत होते. डोळे मिटलेले.

लहू दोन दिवसांपूर्वी वॉर्डात दाखल झाला होता. पंचविशीचा, काटकुळा. लहानपणी घसा आणि सांधे धरून आलेल्या तापानं त्याच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. ती आणखी बिघडू नये म्हणून त्याला अधूनमधून पेनिसिलिनचं इंजेक्शन घेत राहावं लागणार होतं. काल सकाळच्या राउंडला काझी सरांनीच तसं सांगितलं होतं. पहिलं इंजेक्शन आज.

"'लहूला माझ्या पांढऱ्या कोटाची भीती वाटत नव्हती,'" शर्वरी वाचत होती, "'त्याला सुईची भीती वाटत होती. सलाइन लावतानासुद्धा तो भिंतीकडे तोंड करून थरथरत होता. मी त्याच्याजवळ स्टूल ओढून बसले. त्याला बोलू दिलं. तो लहान असताना गावच्या दवाखान्यात त्याला एक सुई दिली होती. घरी पोचेपर्यंत त्याच्या अंगभर लाल गांधी उठल्या, तोंड सुजलं, डोळे मिटले. त्या गांधी म्हणजे भीतीनं त्याच्या कातडीवर लिहिलेली पहिली अक्षरं होती...'"

"परत वाच."

शर्वरीनं वर पाहिलं. सरांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

तिला आतून बरं वाटलं. हे वाक्य आपलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे हे तिला माहीत होतं. सकाळी आंघोळ करताना ते सुचलं होतं, आणि विसरू नये म्हणून ओल्या हातानं तिनं ते मोबाइलवर टिपून ठेवलं होतं.

तिनं सावकाश वाचलं. शब्दांवर जोर देत.

"'...त्या गांधी म्हणजे भीतीनं त्याच्या कातडीवर लिहिलेली पहिली अक्षरं होती.'"

"परत."

"सर?"

"अक्षरं सोड. त्याच्या आधीचं वाच."

सरांनी डोळे उघडले होते.

"'तो लहान असताना... गावच्या दवाखान्यात त्याला एक सुई दिली होती,'" शर्वरी वाचू लागली. "'घरी पोचेपर्यंत त्याच्या अंगभर लाल...'"

ती थांबली.

वर पंखा खडखडत होता.

"तोंड सुजलं," ती म्हणाली. आता ती कागदाकडे बघत नव्हती. "डोळे मिटले."

"कसली सुई होती?"

शर्वरी पुन्हा कागदावर शोधू लागली.

"विचारलंस?"

"नाही, सर."

"केसपेपरवर लिहिलंस?"

"नाही."

"फुलारीला सांगितलंस?"

डॉ. फुलारी वॉर्डातले रेसिडेंट डॉक्टर. इंजेक्शनं तेच बघत.

"सांगायचं... राहून गेलं, सर."

सरांनी टेबलावरचा फोन जवळ ओढला. वॉर्डाचा नंबर फिरवला. रिंग वाजत राहिली. इथवर ऐकू येत होती. कोणी उचलला नाही. मग त्यांनी खिशातला मोबाइल काढून फुलारींना लावला. संपर्क क्षेत्राबाहेर, असं एका बाईनं गोड आवाजात सांगितलं.

सर टेबलाचा आधार घेऊन उठले. त्यांचे गुडघे दुखरे होते. कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं.

"पळ," ते म्हणाले.

शर्वरी पळाली.

जिन्यावर नातेवाईक डबे उघडून बसले होते. कोणाच्या तरी पायाला तिचा पाय लागला. मागून शिवी आली. कोपऱ्यावर स्ट्रेचर आडवं होतं, ती भिंतीला घासून पुढे गेली. हातातला कागद अजून हातातच होता.

पानाचं शेवटचं वाक्य सरांना वाचून दाखवायचं राहिलं होतं. पळताना तेच तिच्या डोक्यात घुमू लागलं. ते वाक्य असं होतं: 'मी उठले तेव्हा लहू म्हणाला, ताई, तुम्ही म्हणता तर घेतो.'

तिनंच त्याला तयार केलं होतं. काल दुपारभर बसून. काही होत नाही रे, मी सांगते ना... असं म्हणून.

वॉर्ड आला.

लहूची कॉट रिकामी होती.

चादर सारखी केलेली. उशीवर मोबाइल. कॉटच्या पायाशी त्याची आई, सोजरबाई, भाकरी फडक्यात बांधत होती.

"मावशी, लहू कुठंय?"

सोजरबाई हसली. "सुई द्याया नेलंय की त्याला, तिकडं. तुमच्यामुळं तयार झाला बगा. इतक्या वर्सांत कुनाचं ऐकलं न्हाई त्यानं. मला म्हनला, त्या ताई म्हनत्यात काय व्हत न्हाई..."

पुढचं शर्वरीनं ऐकलं नाही.

वॉर्डाच्या टोकाला एक लहानशी खोली होती. दार लोटलेलं. तिनं ते दोन्ही हातांनी ढकललं.

लहू स्टूलवर बसला होता. एका हाताची बाही दंडापर्यंत वर केलेली. डोळे गच्च मिटलेले. सिस्टरनी त्याचं मनगट धरलं होतं. सुई कातडीला टेकायच्या बेतात होती. आधी टेस्टचा थेंब द्यायचा, मग पूर्ण इंजेक्शन, अशी पद्धत होती; पण ज्याला चालत नाही त्याला तो थेंबही पुरतो. फुलारी शेजारी उभे राहून त्याला हसवत होते.

"एवढी मोठी वरात गाजवतोस, आणि..."

"थांबा!"

तो आवाज आपला आहे असं शर्वरीला वाटलं नाही.

सिस्टरचा हात वर गेला.

"टोचलं?"

"अजून नाही. काय झालं?"

लहूनं एक डोळा उघडला. तिला बघून त्याचा चेहरा फुलला.

"ताई, बगा. तुमी सांगितलं म्हनून बसलो."

तिनं चौकटीला धरलं.

"शर्वरी, काय झालंय?" फुलारींनी विचारलं.

"याला... लहानपणी सुई दिली होती. त्यावर रिॲक्शन आली होती. अंगावर गांधी... तोंड सुजलं होतं."

फुलारींच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दिली. ट्रेचा बारीक आवाज झाला.

"केसपेपरवर काहीच नाही," फुलारी म्हणाले. "कोणाला माहीत होतं हे?"

"मला."



काझी सर आले तेव्हा त्यांचा एक हात भिंतीवर होता. त्यांनी आधी लहूच्या हाताकडे पाहिलं, मग ट्रेकडे. मग एक स्टूल ओढून ते लहूसमोर बसले. त्यांना दम लागला होता.

"आईला बोलव," ते शर्वरीला म्हणाले.

सोजरबाई आली. भाकरीचं फडकं हातातच होतं. एवढी माणसं बघून ती बिचकली.

"बसा, बाई," सर म्हणाले. "लहूला लहानपणी एक सुई दिली होती. ती कशासाठी दिली होती?"

"घशासाठी, साहेब. घसा धरला व्हता, ताप व्हता. गुडघे ह्ये असे सुजले व्हते."

"ते औषध तुम्ही पाहिलं होतं? कसं होतं?"

सोजरबाईनं डोळे बारीक केले. "पान्यावानी नव्हतं. पांढरं व्हतं. दुधावानी."

सरांनी मान हलवली. लहूला द्यायचं पेनिसिलिनही तसंच पांढरं असतं.

"मग पुढं?"

"पुढं काय, साहेब... घरला पोचूस्तवर लेकरू वळखू येईना. वठ असे जाड झाले. श्वास घ्यायला बी येईना. टेंपोत घालून तालुक्याला न्हेलं. तितल्या डाक्टरनं वाचिवलं. तवापास्नं म्या शपथ घेतली, माझ्या लेकराला सुई लावू द्यायची न्हाई." तिनं लहूच्या पाठीवर हात ठेवला. "आता इथं आल्यावर तुमी सगळे म्हनला, म्हनून..."

"दाखल केलं त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं," सर म्हणाले. "कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, म्हणून."

"तुमी ते अलर्जी का काय म्हनला," लहू म्हणाला, "मला वाटलं दमा-बिमा. न्हाई म्हनलं."

"बरोबर. माझं विचारणं चुकलं."

लहू गोंधळला. एवढा मोठा डॉक्टर त्याच्यासमोर खाली स्टुलावर बसून असं बोलतोय, हे त्याला पटेना. त्यानं बाही खाली केली.

"म्हंजी मी भ्यालो व्हतो ते बरुबर व्हतं, साहेब?"

"बरोबर होतं."

"मग आता सुई न्हाई?"

"ही नाही. कधीच नाही. कुठल्याही दवाखान्यात गेलास तरी आधी सांगायचं, मला पेनिसिलिन चालत नाही. म्हणून दाखव."

"पेनशिलीन चालत न्हाई."

"तुला गोळ्या देऊ. रोज घ्याव्या लागतील. चुकवायच्या नाहीत."

"गोळ्या कितीबी द्या," लहू म्हणाला, आणि पहिल्यांदाच मोकळा हसला.

मग त्याचं लक्ष शर्वरीकडे गेलं. ती अजून चौकटीला धरून उभी होती.

"ताई, तुमाला ठावं नव्हतं व्हय ह्ये? दुधावानी औषिदाचं?"



"तू सांगितलं होतंस," ती म्हणाली. "सुजलं होतं, गांधी उठल्या होत्या, सगळं सांगितलं होतंस. मीच... ऐकलं नाही."

"असं कसं?" लहूला खरंच आश्चर्य वाटलं. "लिवून घेत व्हता की तुमी."

सरांनी खिशातून लाल पेन काढलं. केसपेपर मागवला. पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि कागद फुलारींकडे दिला. मग भिंतीला धरून उठले आणि निघून गेले.

शर्वरीला त्यांनी काही म्हटलं नाही.

ती बराच वेळ कँटीनमध्ये बसून होती. समोरच्या चहावर साय धरली. मैत्रिणी येऊन गेल्या. एकीनं विचारलं, "सरांना आवडलं का गं पान?" तिनं मान हलवली. कशी हलवली ते तिचं तिलाही कळलं नाही.

मग तिनं बॅगेतून जुनी पानं काढली. गाजलेली.

एकेक वाचू लागली.

'आजीच्या पायांना मुंग्या येतात. जणू गेलेली माणसं तिच्या पावलांनी घरी परत चालत येतायत.'

ती दचकली. मुंग्या... साखर तपासली होती का आजीची? तपासली असणार. पण मुंग्यांचं आपण कोणाला सांगितलं होतं?

तिनं दुसरं पान घेतलं. हे अंकात छापलेलं. डीननी वाचलेलं.

'वामनरावांच्या घशात घास अडतो. बायको गेल्यापासून. दुःख गिळता येत नाही तसा त्यांना भातही गिळता येत नाही.'



वामनराव डांगे छातीत कफ झाला म्हणून आले होते. बरे होऊन घरी गेले होते. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले होते. घास अडतो हे त्यांनी फक्त तिला सांगितलं होतं. आणि तिनं ते... स्नेहसंमेलनात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्या ओळीला.

ती उठली.

काझी सर अजून खोलीत होते. बाहेर संध्याकाळ झाली होती. खिडकीतून समोरच्या लिंबाच्या झाडावरच्या पाखरांचा कलकलाट येत होता. सर बशीत ओतून चहा पीत होते. सावकाश. नेहमीसारखे.

"सर."

"ये."

ती बसली नाही.

"सर, काहीतरी बोला."

"काय?"

"रागवा मला."

"त्यानं तुला बरं वाटेल."

"हो."

"म्हणून नाही."

तिनं डोळे पुसले. मग सगळी पानं टेबलावर ठेवली. आजचंही.

"मी आता लिहिणार नाही, सर. लिहायच्या नादात मला ऐकूच आलं नाही. तो बोलत होता आणि मी... मी वाक्य शोधत होते."

"हो."

"त्याचा जीव गेला असता."

"हो."

"म्हणजे लिहिणं बंदच करायला हवं."

सरांनी बशी खाली ठेवली. आजचं पान उचलून पुढ्यात घेतलं.

"हे तू लिहिलं नसतंस," ते म्हणाले, "तर मला कुठून कळलं असतं?"



"मग... लिहू की नको, सर?"

सर पान बघत राहिले.

पाखरांचा कलकलाट हळूहळू कमी झाला.

मग तिनं वार्षिक अंकातलं पान त्यांच्यापुढे सरकवलं. ओळीवर बोट ठेवलं.

"हे वामनराव डांगे, सर. कफ झाला म्हणून आले होते. घास अडतो हे त्यांनी मला सांगितलं होतं. मी कोणालाच सांगितलं नाही. ते घरी गेले."

सरांनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. त्यांनी ती याआधीही ऐकली होती. डीननी वाचली तेव्हा ते पहिल्याच रांगेत बसले होते.

"मीही टाळ्या वाजवल्या होत्या," ते म्हणाले.

शर्वरीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"रेकॉर्ड रूम बंद झाली असेल," सर म्हणाले. "पण वॉर्डाच्या रजिस्टरात फोन नंबर असतो. आण."

ती धावत गेली आणि नंबर घेऊन आली. सरांनी स्वतः लावला. वामनरावांच्या सुनेनं उचलला. सर शांतपणे बोलले. जेवण कसं जातं... भात जातो का, की फक्त पातळ... वजन... बरं. नाही, घाबरण्यासारखं काही आत्ता सांगत नाही, पण सोमवारी सकाळी घेऊन या. उपाशीपोटी. हो, मीच असेन. थेट माझ्याकडे या.

फोन ठेवला.

"काय म्हणाल्या, सर?"

"आता पेजच जाते म्हणाल्या."

शर्वरी खुर्चीत बसली.

"उशीर झालाय का, सर?"

"माहीत नाही. सोमवारी घशातून दुर्बीण घालून बघू."

"आणि बाकीचे?" तिनं टेबलावरच्या कागदांकडे हात केला. "ही आजी... तो रिक्षावाला... मी सगळ्यांजवळ बसले होते, सर. सगळे माझ्याशी बोलले होते. आणखी कोणी काय सांगितलं असेल, आणि मी त्याचं काय करून ठेवलं असेल..."

"सगळी पानं काढ. उद्या बसू आपण दोघं. एकेक वाचू."

"उद्या रविवार आहे."

"बसू."

तिनं पानं गोळा केली. एक कागद खाली पडला, तिनं उचलला, पुन्हा पडला.

सर बघत होते. त्यांचा चेहरा वॉर्डात राउंड घेताना असतो तसाच होता. स्वच्छ, संथ. मघाशी फोनवर बोलतानाही त्यांचा आवाज जराही हलला नव्हता. दुपारी, सुई टोचायच्या त्या खोलीतसुद्धा नव्हता हलला.

शर्वरीला त्या चेहऱ्याचा एकाएकी राग आला. हेवाही वाटला.

"सर, एक विचारू?"

"विचार."

"दुपारपासून माझ्या छातीत नुसतं धडधडतंय. जेवले नाही. कोणाशी बोलवत नाही. सोमवारी वॉर्डात पाऊल टाकायचं, कोणा नव्या पेशंटजवळ स्टूल ओढून बसायचं, याचीच भीती वाटते. तो काहीतरी सांगेल आणि माझ्याकडून पुन्हा..." तिनं वर पाहिलं. "तुम्ही एवढी वर्षं हे करताय. तुम्हाला काहीच होत नाही. तुमच्यासारखं कधी होता येतं, सर? ही भीती कधी जाते?"



सरांनी टेबलावरची कपबशी बाजूला केली. मनगटावरचं घड्याळ काढून तिच्यासमोर ठेवलं. मग सदऱ्याची बाही मागे सारली आणि मनगट उताणं करून टेबलावर टेकवलं.

शर्वरीला कळेना. मग कळलं. तिनं तीन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवली. शिकवल्याप्रमाणे. अलगद.

नाडी लगेच सापडली.

ती धावत होती. बोटांखाली थडथडत, एकावर एक ठोके टाकत, मागे कोणी लागल्यासारखी...

शर्वरीनं चमकून सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा संथ होता.

तिनं बोटं काढून घ्यायला केली. सरांनी दुसऱ्या हातानं ती तिथंच दाबून धरली, आणि हनुवटीनं घड्याळाकडे खूण केली.

"घाई करू नकोस," ते म्हणाले. "पूर्ण मिनिट मोज."